मंजूर नकाशा आणि बदललेला पाऊस

इमारत नवी आहे. नकाशा महापालिकेने मंजूर केलेला, आरसीसी डिझाइन भारतीय मानकांप्रमाणे, भोगवटा प्रमाणपत्रही हातात. तरी तिसऱ्याच पावसाळ्यात बेसमेंटच्या पार्किंगमध्ये छातीइतके पाणी भरते. गाड्या जातात, लिफ्ट बंद पडते, मीटर रूम पाण्याखाली जाते. सोसायटीच्या सभेत मग एकच प्रश्न घुमतो : चूक कोणाची? बिल्डर आर्किटेक्टकडे बोट दाखवतो, आर्किटेक्ट प्लंबिंग सल्लागाराकडे. सल्लागार म्हणतो, ‘मी नियमाप्रमाणेच पाइप आणि पंप दिले होते. पाऊसच नियमाबाहेर पडला.’

हे उत्तर खोटे नाही, पण पुरेसेही नाही. नियम पाळूनही इमारत का बुडते? आणि बुडाली तर तिचा आराखडा करणाऱ्याला कितपत जबाबदार धरता येते? वास्तुविशारद, स्ट्रक्चरल इंजिनिअर, पाणी-वीज-वातानुकूलनाचे सल्लागार, नगररचनाकार या सगळ्यांना आज हे दोन प्रश्न टाळता येत नाहीत. घर घेणाऱ्यानेही ते समजून घेतले पाहिजेत, कारण शेवटी नुकसान त्याच्या घरात होते.

आराखड्याची सुरुवात एका आकड्याने

कितीही पाऊस आणि कसलेही वादळ सोसेल अशी इमारत कोणी बांधत नाही. ती कोणाला परवडणार नाही. म्हणून आराखड्याआधी एक मर्यादा ठरवावी लागते : किती पावसापर्यंत, किती वाऱ्यापर्यंत, किती पुरापर्यंत? ही मर्यादा वर्षांच्या भाषेत सांगतात. ‘पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर’, ‘पन्नास वर्षांतून एकदा वाहणारा वारा’. याला आवर्तनकाल म्हणतात.

महाराष्ट्रात नदीकाठच्या निळ्या आणि लाल पूररेषा याच हिशेबाने आखतात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. इमारतीवर किती वारा धरायचा हे आयएस ८७५ या मानकाचा तिसरा भाग सांगतो. त्यातला मूळ वेग ५० वर्षांच्या आवर्तनकालावर बेतलेला आहे : मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर, आणि पुण्यासाठी सेकंदाला ३९ मीटर.

इथे एक मोठा गैरसमज होतो. शंभर वर्षांचा पूर एकदा येऊन गेला की पुढची नव्याण्णव वर्षे निवांत, असे अनेकांना वाटते. त्याचा खरा अर्थ वेगळा आहे : कोणत्याही एका वर्षी तो पूर येण्याची शक्यता शंभरात एक असते, आणि दरवर्षी हा खेळ नव्याने सुरू होतो. त्यामुळे ५० वर्षे उभ्या राहणाऱ्या इमारतीला आपल्या आयुष्यात असा पूर एकदा तरी गाठण्याची शक्यता सुमारे ३९ टक्के निघते. हवामान अगदी स्थिर राहिले तरी ही जोखीम मुळातच लहान नाही.

शक्यता बदलली की हिशेब कोलमडतो

आता समजा, हवामान बदलल्यामुळे तोच पूर शंभरऐवजी पन्नास वर्षांतून एकदा येऊ लागला. कागदावर फरक किरकोळ दिसतो, शंभरात एकच्या जागी शंभरात दोन. पण त्याच इमारतीच्या ५० वर्षांच्या आयुष्यात तो येण्याची शक्यता ३९ वरून जवळजवळ ६४ टक्क्यांवर जाते. म्हणजे ‘बहुधा येणार नाही’ अशी घटना ‘बहुधा येणारच’ अशी होते. विटा, सिमेंट, सळया यांत काहीच बदललेले नसते.

शक्यता बदलते कशामुळे? हवा जितकी गरम तितकी ती जास्त बाष्प धरते : तापमान एक अंशाने वाढले तर सुमारे ७ टक्के जास्त. ढगांना मिळणारे पाणी वाढते आणि पडायला लागले की थोड्या वेळात जास्त पडते. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. महाराष्ट्र याच पट्ट्यात येतो.

कोल्हापूरकरांना यासाठी आकडेवारी वाचायची गरज नाही. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. २००५ चा महापूरही लोकांच्या आठवणीत होताच. सोळा वर्षांत तीन मोठे पूर. प्रत्येक पुरामागे हवामानच होते असे नाही. धरणातला विसर्ग, नदीपात्रातली अतिक्रमणे, बुजवलेले ओढे हीही कारणे असतात. पण आराखडा करणाऱ्याला कारणांची वाटणी करून चालत नाही. जोते किती उंच घ्यायचे हे ठरवताना येणाऱ्या सगळ्या पाण्याचा हिशेब त्याला धरावाच लागतो.

शिवणीत सोडलेली माया

जूनमध्ये शाळेचा गणवेश शिवताना शिंपी मुलाचे माप घेतो, पण नेमके तेवढेच कापड बेतत नाही. मूल वर्षभरात वाढणार हे त्याला ठाऊक असते, म्हणून तो शिवणीत माया सोडतो. इंजिनिअरही तेच करतो. काँक्रीटच्या आयएस ४५६ या मानकानुसार नेहमीचे भार दीडपट धरून हिशेब करतात. ही दीडपट कशासाठी असते? काँक्रीट थोडे कमी प्रतीचे निघाले, सळई जराशी सरकली, घरमालकाने गच्चीवर अंदाजापेक्षा जड टाकी बसवली, तर सांभाळून घ्यायला.

अडचण अशी की मानकांतले पावसाचे, वाऱ्याचे आणि पुराचे आकडे मागच्या कित्येक दशकांच्या नोंदींवरून काढलेले आहेत. माप जुने आहे आणि मूल वाढते आहे. बांधकामातल्या चुकांसाठी ठेवलेली माया बदललेले हवामान आधीच वापरून टाकते. मग ज्या दिवशी साइटवरची एखादी लहान चूक आणि मोठे वादळ एकत्र येते, त्या दिवशी सांभाळून घ्यायला काही उरत नाही. हवामानबदलामुळे इमारत कोसळते असे सहसा होत नाही. जी चूक एरवी पचली असती ती पचेनाशी होते.

पाणी : दिवसाचा आकडा फसवतो

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझच्या केंद्रावर २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्यात जेमतेम ७५ मिलिमीटरच्या आसपास. शहर एक, दिवस एक, तरी दोन केंद्रांत बारापटींहून जास्त फरक. कुलाब्याच्या नोंदी वापरून सांताक्रूझच्या गटाराचा आराखडा करणाऱ्याचे काय होईल, हे या दोन आकड्यांवरून कळते.

आणखी एक हिशेब करून पाहा. ९४४ मिलिमीटर भागिले २४ तास म्हणजे तासाला सुमारे ३९ मिलिमीटर. मुंबईची जुनी पर्जन्यजल वाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी होती, तीही समुद्राला ओहोटी असताना. ‘ब्रिमस्टोवॅड’ या प्रकल्पात ती क्षमता तासाला ५० मिलिमीटरपर्यंत न्यायचे ठरले. त्याचा अहवाल १९९३ चा, पण कामाला खरा वेग २००५ नंतर आला. सरासरी ३९ आणि नवी क्षमता ५०, मग असा पाऊस पुन्हा आला तरी अडचण काय? अडचण अशी की पाऊस सरासरीने पडत नाही. त्या दिवशीचा बहुतेक पाऊस दुपारनंतरच्या काही तासांत कोसळला. गटार भरते ते तासाच्या, किंबहुना पंधरा मिनिटांच्या तीव्रतेने. दिवसभराची बेरीज त्याला लागू पडत नाही.

हेच एका प्लॉटवर उतरवून पाहू. समजा, १,००० चौरस मीटरचा प्लॉट आहे आणि तो जवळजवळ सगळा काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉकने झाकलेला आहे. पडलेल्या पाण्यापैकी ९० टक्के वाहून जाते असे धरू. तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला तर तासाभरात ४५,००० लिटर पाणी जमते, १०० मिलिमीटर पडला तर ९०,००० लिटर. पंप आणि पाइप पहिल्या आकड्यावर बेतले असतील, तर १०० मिलिमीटर पावसात उरलेले ४५,००० लिटर पाणी सर्वात खालची जागा शोधते. ती जागा म्हणजे बेसमेंटचा उतार. त्यात समुद्राला भरती असेल तर बाहेरचा नालाच पाणी घेत नाही. समुद्राची पातळी जसजशी वाढेल तसा पाणी सहज बाहेर पडण्याचा वेळ कमी होत जाणार.

आता पाहा, या साखळीत किती जणांच्या सह्या आहेत. जमिनीची पातळी आर्किटेक्टने ठरवली, पेव्हर ब्लॉक लँडस्केपवाल्याने, पंपाची क्षमता प्लंबिंग सल्लागाराने आणि वीजपॅनेल बेसमेंटमध्ये ठेवायचे हे इलेक्ट्रिकल सल्लागाराने. प्रत्येकाने आपापला नियम पाळला असेल. पण ‘पंप कमी पडला तर पुढे काय होईल’ हा प्रश्न कोणाच्याच कामाच्या यादीत नसतो. जोखीम या मधल्या जागांतून आत शिरते.

वारा : दहा टक्क्यांचे एकवीस टक्के

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वेग १० टक्क्यांनी वाढला की दाब २१ टक्क्यांनी वाढतो, वेग २० टक्क्यांनी वाढला की ४४ टक्क्यांनी. म्हणून वाऱ्याच्या अंदाजातली लहान चूक इमारतीवर मोठी होऊन येते.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. हवामान खात्याच्या नोंदीप्रमाणे वाऱ्याचा वेग ताशी १००-११० किलोमीटर आणि झोत १२० पर्यंत होते. म्हणजे मुंबईच्या किनाऱ्यासाठी मानकाने सांगितलेल्या १५८ पेक्षा कमीच. तरी श्रीवर्धन, मुरुड, अलिबागच्या पट्ट्यात घरोघरचे पत्रे उडाले. का?

वारा छपराला वरून दाबतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात उतरत्या छपरावरून वारा वेगाने जाताना वर दाब कमी होतो आणि छप्पर वर ओढले जाते. ही ओढ कडांना आणि कोपऱ्यांना सर्वात जास्त असते. त्यात एखादे दार किंवा खिडकी फुटली की वारा आत शिरून छपराला खालूनही ढकलतो. पत्रा सगळीकडे सारख्याच अंतरावर हुक बोल्टने धरलेला असेल, तर तो कडेने सुटतो, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. कैची मजबूत असते, पत्राही धड असतो, बोल्ट तेवढे कमी पडतात. अशा बहुतेक छपरांचा आराखडा कोणा इंजिनिअरने केलेलाच नसतो. तो फॅब्रिकेटरच्या अंदाजाने होतो. आराखडा झालेल्या इमारतींत मात्र हा तपशील कोणी तपासला, हे नंतर विचारले जाते.

आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागाच्या २०१५ च्या आवृत्तीत चक्रीवादळासाठी वेगळा गुणक आला : वादळानंतर सुरू राहिलेच पाहिजेत अशा रुग्णालये, निवारे, दूरसंचार मनोरे यांसाठी वाऱ्याचा वेग १.३० पट धरायचा. म्हणजे दाब जवळजवळ १.७ पट. पण या तरतुदीचा रोख पूर्व किनारा आणि गुजरातवर आहे, कारण जुन्या नोंदींत मोठी वादळे तिथेच दिसतात. कोकणात रुग्णालय बांधणाऱ्या इंजिनिअरला हा गुणक सक्तीचा वाटणार नाही. पण २०२० मध्ये निसर्ग आणि २०२१ मध्ये तौक्ते ही चक्रीवादळे पाहिल्यानंतर तो विचारातच घ्यायचा नाही, हे त्याला पटवून देता येईल का? मानक जिथे थांबते तिथे इंजिनिअरची विवेकबुद्धी सुरू होते.

गंज आणि ऊन : हळू येणारे धोके

पूर आणि वादळ एका दिवसात दिसतात. गंज दिसायला वीस वर्षे लागतात. काँक्रीटमधला क्षारधर्म सळईभोवती एक पातळ संरक्षक थर धरून ठेवतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये मुरत गेला की तो क्षारधर्म कमी होतो. समुद्राच्या हवेतले क्लोराइड तर तो थरच मोडतात. मग सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, आणि काँक्रीट फुगून पोपडे पडतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड १९५८ मध्ये दशलक्ष भागांत सुमारे ३१५ भाग होता, आज तो ४२० च्या पुढे गेला आहे. उष्णता आणि दमट हवा या क्रिया आणखी वेगाने घडवतात.

यावर उपाय म्हणून सळईवर काँक्रीटचे पुरेसे कव्हर ठेवतात. आयएस ४५६ नुसार सौम्य वातावरणात ते २० मिलिमीटर, तीव्र वातावरणात ४५ आणि अतितीव्र वातावरणात ७५ मिलिमीटरपर्यंत असते. आपली जागा कोणत्या गटात बसते हा निर्णय इंजिनिअरचा. इमारत ३० वर्षांसाठी आहे की ६० वर्षांसाठी, यावरही तो निर्णय बदलायला हवा.

उन्हाचेही तसेच. खोलीतल्या एसीची क्षमता सहसा बाहेर ३५ अंश तापमान धरून मोजलेली असते. विदर्भात पारा ४५ च्या वर गेला की तेच यंत्र कमी थंडावा देते आणि जास्त वीज खाते. काचेच्या दर्शनी भिंतींचे कार्यालय तिथे उभे करणाऱ्या आर्किटेक्टविरुद्धची तक्रार कोसळण्याची नसते, ‘इथे बसवत नाही’ अशी असते. पण तीही तक्रारच असते आणि तिचीही भरपाई मागितली जाते.

जबाबदारी कुठे सुरू होते?

व्यावसायिकाने जग जिंकावे अशी कायद्याची अपेक्षा नसते. त्याच क्षेत्रातला सर्वसाधारण कुशल माणूस जी काळजी घेईल ती त्याने घ्यावी, इतकीच असते. जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य या २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व मांडले. खटला डॉक्टरांचा होता, पण न्यायालयाने वकील आणि वास्तुविशारद यांनाही त्याच रांगेत बसवले. त्या निकालातली आणखी एक गोष्ट आपल्या विषयाला थेट लागते : काळजी पुरेशी होती का, हे घटनेच्या वेळी उपलब्ध असलेल्या ज्ञानाच्या आधारे ठरवायचे. नंतर मिळालेल्या ज्ञानाच्या आधारे नाही.

हे वाक्य व्यावसायिकाचे रक्षण करते आणि त्याला बांधूनही ठेवते. १९८५ मध्ये आराखडा करणाऱ्याला आज कोणी हवामानबदलाचा जाब विचारू शकणार नाही. पण आज आराखडा करणाऱ्याच्या समोर पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा २०२० चा अहवाल आहे, आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय हवामानबदल समितीचा २०२१ चा अहवाल आहे, मार्च २०२२ मध्ये जाहीर झालेला मुंबई हवामान कृती आराखडा आहे. ही कागदपत्रे कोणालाही वाचता येतात. त्यामुळे ‘असा पाऊस पडेल असे वाटले नव्हते’ हा बचाव दर पावसाळ्यागणिक दुबळा होत जाणार.

छापील इशारा असूनही तो नीट न वाचल्याने काय होते, हे इंग्लंडमधल्या १९७५ च्या ग्रीव्ह्ज खटल्यात दिसले. तेलाची पिंपे ठेवण्याच्या गोदामात वरच्या मजल्यावर फोर्कलिफ्ट फिरणार हे इंजिनिअरला ठाऊक होते. नव्या बांधकामपद्धतीत कंपनांपासून सावध राहण्याचा इशारा मानक संस्थेच्या परिपत्रकात होता. इंजिनिअरने त्याचा अर्थ अपुरा लावला. मजल्याला तडे गेले आणि जबाबदारी त्याच्यावर आली.

आपल्याकडे तक्रारीचे मार्गही अनेक आहेत. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत रचनेतला किंवा कामातला दोष दिसला तर तो विकसकाने दुरुस्त करून द्यायचा असतो. तो खर्च विकसक पुढे सल्लागाराकडे मागू शकतो. ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेतल्या त्रुटीची तक्रार करता येते. निष्काळजीपणामुळे जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पूर्वीच्या दंडसंहितेत ही मर्यादा दोन वर्षे होती.

जुन्या इमारतींची तपासणी करणाऱ्यांची जोखीम तर आणखी नाजूक. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवे. इथे इंजिनिअर दुसऱ्याच्या आराखड्यावर आणि दुसऱ्याच्या बांधकामावर सही करतो, तीही बदललेल्या हवामानात. मोजके नमुने तपासून ‘इमारत सुरक्षित’ असे दोन शब्द लिहिणे म्हणजे स्वतःवर न मोजता येणारे ओझे घेणे. काय तपासले, काय तपासता आले नाही, आणि हे मत किती काळापुरते आहे, हे त्याने लिहिलेच पाहिजे.

करारातले एक वाक्य

कायद्याने न मागितलेली हमी व्यावसायिक कधीकधी स्वतःच देऊन बसतो. स्कॉटलंड आणि इंग्लंडमधल्या सॉल्वे खाडीतल्या ‘रॉबिन रिग’ पवनचक्क्यांचा खटला याचे ठळक उदाहरण आहे. पवनचक्क्यांचे पाये बांधणाऱ्या कंत्राटदाराने त्या काळचे आंतरराष्ट्रीय मानक काटेकोर पाळले. पण मानकातल्या सूत्रातच दहापटींची चूक होती. जोड सरकू लागले आणि दुरुस्तीला अडीच कोटी युरोंहून जास्त खर्च आला. करारात मात्र ‘पाया वीस वर्षे टिकेल अशी रचना’ असे एक कलम होते. २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की मानक पाळले असले तरी करारातले वचन मोडले आहे, त्यामुळे खर्च कंत्राटदाराचाच.

मानक ही किमान पातळी आहे, ढाल नाही, हे या निकालाने दाखवले. ‘बेसमेंटमध्ये पाणी कधीच येणार नाही’ असे पत्रात किंवा जाहिरातीत लिहिणारा सल्लागार निसर्गाच्या वतीने हमी देतो. योग्य ते कौशल्य आणि काळजी वापरण्याचे वचन द्यावे, परिणामाचे देऊ नये.

विमा कसा चालतो आणि कुठे अडतो

अशा दाव्यांसाठी व्यावसायिक दायित्व विमा असतो. वाहनाच्या विम्यात अपघात घडला त्या दिवशीची पॉलिसी लागू होते. व्यावसायिक विम्यात बहुतेक वेळा दावा ज्या दिवशी येतो त्या दिवशी पॉलिसी चालू असावी लागते. समजा, आराखडा झाला, बांधकामाला चार वर्षे लागली आणि ताब्यानंतर चौथ्या वर्षी गळती निघाली. म्हणजे कामानंतर आठ वर्षांनी दावा. मधल्या काळात सल्लागाराने पॉलिसी बंद केली असेल किंवा तो निवृत्त झाला असेल, तर संरक्षण उरत नाही. म्हणून पॉलिसी खंड न पडता चालू ठेवणे, जुन्या कामांना संरक्षण देणारी ‘मागील तारीख’ न गमावणे आणि निवृत्तीनंतरच्या काळाची सोय करणे या तीन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात.

आणखी एक अट : हा विमा निष्काळजीपणाचा असतो. करारात स्वतःहून दिलेली जादा हमी तो सहसा भरत नाही. वर सांगितलेले ते एक वाक्य दुहेरी नुकसान करते. जबाबदारी वाढवते आणि विमाही काढून घेते.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, आराखडा मानकाच्या आकड्यावर करावा, पण तपासावा त्याच्या पुढच्या आकड्यावर. ५० मिलिमीटरसाठी पंप दिला असेल तर १०० मिलिमीटर पडल्यावर आधी काय बंद पडेल, पाणी कुठून कुठे जाईल, हे कागदावर चालवून पाहावे. दुसरी गोष्ट, अपयश आले तरी ते कमी घातक असावे. वीजपॅनेल, जनरेटर, लिफ्टची यंत्रे पुराच्या पातळीच्या वर घ्यावीत, वाढीव पाण्याला बाहेर पडायला मोकळी वाट ठेवावी, छपराच्या कडांना बोल्ट दाट द्यावेत. यातल्या बऱ्याच गोष्टींचा खर्च आराखड्याच्या वेळी थोडा असतो आणि नंतर प्रचंड.

तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची : लिहून ठेवणे. कोणता पाऊस, कोणता वारा, किती वर्षांचे आयुष्य धरले, हे नकाशावरच नोंदवावे. जादा सुरक्षिततेचे पर्याय त्यांच्या खर्चासह मालकाला पत्राने कळवावेत. मालकाने नकार दिला तर तोही लेखी असावा. मालकाला घाबरवण्याचा किंवा स्वतःचे हात झटकण्याचा हा मार्ग नाही. निर्णय ज्याचा आहे त्याने तो डोळे उघडे ठेवून घ्यावा, एवढाच त्याचा हेतू आहे. इमारत देताना सोसायटीला देखभालीची पुस्तिकाही द्यावी. पंप दर मे महिन्यात चालवून पाहायचा, हे कोणी सांगितलेच नाही तर सर्वात चांगला पंपही जुलैमध्ये बंदच सापडतो.

मालकांचीही बाजू आहे. सल्लागाराची फी प्रकल्पाच्या खर्चाचा लहानसा भाग असते, पण त्याच्यावरची जबाबदारी पूर्ण नुकसानाची असू शकते. सर्वात कमी फी घेणाऱ्याला काम द्यायचे आणि त्याच्याकडून शंभर वर्षांच्या पुराच्या अभ्यासाची अपेक्षा ठेवायची, हे न्याय्य नाही. स्थानिक पावसाच्या नोंदी मिळवणे, जलशास्त्रीय अभ्यास करणे याला वेळ लागतो आणि त्याचे पैसे द्यावे लागतात. महापालिका आणि मानक संस्थांनीही आकडे वेळोवेळी सुधारून सगळ्यांना सहज मिळतील असे ठेवले पाहिजेत. सगळे ओझे सही करणाऱ्या एका माणसावर टाकून शहरे सुरक्षित होणार नाहीत.

चौकट : थोडक्यात

• ‘१०० वर्षांचा पूर’ म्हणजे दरवर्षी शंभरात एक शक्यता. ५० वर्षांत तो येण्याची शक्यता सुमारे ३९ टक्के.
• मानकांतले आकडे जुन्या नोंदींवर आधारलेले आहेत. मानक ही किमान पातळी आहे.
• वाऱ्याचा वेग १० टक्के वाढला की दाब २१ टक्के वाढतो.
• निष्काळजीपणा घटनेच्या वेळच्या ज्ञानावर ठरतो. हवामानाचे ज्ञान आता सार्वजनिक आहे.
• परिणामाची हमी देऊ नये. योग्य काळजीचे वचन द्यावे.
• व्यावसायिक विमा दाव्याच्या दिवशी चालू असावा लागतो.
• धरलेले आकडे, दिलेले इशारे आणि मिळालेले नकार लेखी ठेवावेत.

घर घेताना आपण कार्पेट एरिया विचारतो, दिशा विचारतो, पार्किंग किती मिळणार ते विचारतो. त्यात आता आणखी तीन प्रश्न घालावेत : हा आराखडा तासाला किती पावसासाठी आहे? जोते लाल पूररेषेच्या किती वर आहे? वीजपॅनेल कोणत्या मजल्यावर आहे? ज्या सल्लागाराने विचार केला आहे त्याला उत्तर द्यायला दोन मिनिटेही लागणार नाहीत. उत्तर लेखी घ्या आणि खरेदीखताबरोबर जपून ठेवा.